गडाची वाट आणि दवाखान्याची वाट

पहिला चांगला पाऊस झाला, की आपल्या छत्रपती संभाजीनगरातल्या घराघरांतून एक संवाद हमखास ऐकू येतो. मुलगा सांगतो, ‘रविवारी गौताळ्याला जातोय, अंतूर चढणार आहोत.’ आई विचारते, ‘डबा किती जणांचा देऊ?’ वडील विचारतात, ‘गाडी कोणाची?’ साप चावला तर काय करणार, हे मात्र कोणीच विचारत नाही. चुकून विषय निघालाच, तर आजी म्हणते, ‘भरल्या घरात त्याचं नाव काढू नये, जनावर म्हणावं.’ आणि विषय तिथेच मिटतो.

हा विषय असा मिटवू नये, असे मला वाटते. पोरांनी डोंगर चढू नयेत, असे सांगायचा माझा मुळीच हेतू नाही. अंतूर, सुतोंडा, वेताळवाडी हे किल्ले आपल्या जिल्ह्याचे वैभव आहेत, आणि ते पायांनीच पाहायचे असतात. पण ज्या पावसाने हे डोंगर हिरवे होतात, त्याच पावसात सापही बाहेर पडतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका चढावर आधारासाठी मी वरच्या कपारीत हात घालणार, तेवढ्यात मागून एका गुराख्याने हटकले. त्याने काठीने दगड सरकवला. खाली जेमतेम हातभर लांबीचे फुरसे वेटोळे घालून बसले होते आणि अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करीत होते. गुराखी एवढेच म्हणाला, ‘साहेब, जिथं डोळा जात नाही, तिथं हात घालू नये.’ गिर्यारोहणाचा याहून मोठा धडा मला कोणत्याही शिबिरात मिळालेला नाही.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, नाग फणा काढतो; पण मण्यार रात्री निघते, उबेला अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश कित्येकदा जाणवतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते. ‘जेवण बाधले’ म्हणून सोबती ओव्याचा काढा देतात आणि मोलाचा वेळ निघून जातो. गडावर उघड्यावर झोपणाऱ्यांनी हे पक्के ध्यानात ठेवावे. तंबूची चेन पूर्ण लावावी, बूट झटकल्याशिवाय घालू नयेत, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये.

मोठमोठ्या जाणकारांनाही जंगल क्षमा करीत नाही. अमेरिकेचे सर्पतज्ज्ञ जो स्लोविन्स्की २००१ च्या सप्टेंबरमध्ये उत्तर म्यानमारच्या दुर्गम डोंगरात मोहिमेवर असताना त्यांना मण्यारीच्याच जातीचा एक लहानसा साप चावला. श्वास थांबल्यावर सोबत्यांनी तोंडाने श्वास देत त्यांना तासन्‌तास जगवले. पण खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर पोहोचू शकले नाही, आणि त्यांचा मृत्यू झाला. ज्ञान होते, माणसे होती. दवाखाना मात्र लांब होता.

खरा धोका आहे तो या अंतरात. ‘प्रतिविषाची बाटली पिशवीत ठेवू’ असे काही जण म्हणतात. त्या औषधाची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, आणि एका बाटलीने सहसा भागतही नाही. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. शिवाय ते या चार सापांसाठी बनते. सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्यावर ते लागू पडत नाही. दंशाची जागा कापणे, चोखणे, वर दोरी आवळणे हे सारे घातक. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढाव्यात, हातपाय न हलवता माणसाला धीर द्यावा, आणि चालू न देता खाली आणावे. दोन काठ्या आणि एक घोंगडी यांची झोळी होते. साप मारण्यात किंवा शोधण्यात वेळ दवडू नये.

म्हणून निघण्यापूर्वीच प्रत्येक गटाने तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष आहे? फोनला रेंज कुठवर आहे, म्हणजे १०८ ला कुठून बोलावता येईल? उचलून आणायचे झाले, तर पायथ्याला यायला किती वेळ लागेल? फी घेऊन मुले नेणाऱ्या आयोजकाला ही उत्तरे देता आली नाहीत, तर पालकांनी बेलाशक नाही म्हणावे.

आता थोडे आपल्या पलीकडे पाहू. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने दगावली, त्यातली सुमारे निम्मी जून ते सप्टेंबरमध्ये. हे गिर्यारोहक नव्हेत. बहुतेक खेड्यापाड्यांतली, शेताशिवारात वावरणारी माणसे. आपण वर्षातून चार रविवार जो धोका हौसेने पत्करतो, तो डोंगराखालची मंडळी रोज पोटासाठी पत्करतात. केंद्र सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये सर्पदंशाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्यात ठरले आहे. पण आराखडा दिल्लीत असतो, आणि साप असतो कन्नडच्या बांधावर. पायथ्याच्या आरोग्य केंद्रात बाटल्या आहेत का आणि रात्री त्या देणारा डॉक्टर आहे का, हे विचारायला शहरातून जाणाऱ्या गटांइतके योग्य कोण? आपण एका दिवसासाठी विचारलेला प्रश्न त्या गावाला वर्षभर पुरेल.

नागपंचमीला आपण नागाला हात जोडतो, ते काही वावगे नाही. पण त्याच्या घरात पाहुणे म्हणून जाताना, परतीच्या वाटेबरोबर दवाखान्याची वाटही ठाऊक असली पाहिजे. येत्या रविवारी डबा भरताना, आईने एवढे तरी विचारावेच.