दोन हृदयांची पंगत

परवा शेजारी डोहाळजेवण झाले. झोपाळा, फुलांची वाडी, पाच पक्वान्ने! दुसऱ्या दिवशी पाहतो तो तीच सूनबाई सर्वांच्या मागून, उरल्यासुरल्यावर जेवायला बसलेली.

सुश्रुताने गर्भिणीला 'दौहृदिनी' म्हटले; म्हणजे दोन हृदयांची. आपले 'डोहाळे' त्याच कुळातले. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या अभ्यासात पुष्कळ गर्भवतींत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. बाळे हलकी, पण वजनाच्या मानाने चरबी अधिक. पुढच्या मधुमेहाचे बीज ते हेच! हे जीवनसत्त्व दूध-दह्यात असते, आणि सुनेची पाळी येईतो नेमके तेच संपते. शिवाय मन खिन्न असले की भूकही मरते.

तेव्हा सासूबाई, झोपाळा एक दिवस पुरे. पहिल्या पंगतीचे पान मात्र नऊ महिने मांडा. आणि रोज विचारा, "कशी आहेस ग?"