पावसाळ्यांतील मोटारसायकल व आपल्या शेताचा चिखल

सोलापूर-धुळें राष्ट्रीय महामार्ग आणि पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता हे दोन्ही मांजरसुंबा येथें एकमेकांस मिळतात. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी दूध, भाजीपाला, खताची गोणी व मुलांची शाळा या सर्वांकरितां आतां मोटारसायकलीवर अवलंबून आहे. पावसाळ्यांत तिच्यावरून कोणी पडला, म्हणजे दोष पावसास, खड्ड्यांस किंवा तरुणांच्या वेगास दिला जातो. तो कांहीं अंशीं खराही असतो. परंतु एका कारणाकडे आपण शेतकरी डोळेझांक करितों. तें म्हणजे आपल्याच शेतांतून डांबरी रस्त्यावर येणारा चिखल होय.

ओढ्याकांठच्या भारी काळ्या जमिनींत अतिसूक्ष्म चिकणमातीचें प्रमाण मोठें असतें. ती पाणी पिऊन फुगते व चाकास घट्ट चिकटते. ट्रॅक्टर रस्त्यावर आला कीं त्याच्या चाकांचे गोळे दूरपर्यंत गळत जातात व येणारीं-जाणारीं वाहनें ते चिरडून त्यांचा पातळ लेप करितात. जोराचा पाऊस हा लेप धुऊन नेतो. रिमझिम मात्र त्यास साबणासारखा निसरडा करिते. चारचाकी वाहन घसरलें तरी बहुधा उभें राहतें. दुचाकी आडवी होते, आणि मागून मालमोटार येत असल्यास पुढें काय होतें, तें सांगावयास नको.

चालविणारानेंही आपलें कर्तव्य ओळखिलें पाहिजे. ताशीं 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत सुमारें 17 मीटर जाते, व ओल्या रस्त्यावर थांबावयास कोरड्याच्या निदान दुप्पट अंतर लागतें असें धरून चालावें. बीडकडे उतरणाऱ्या घाटांत वळणापूर्वींच वेग कमी करावा, वळणांत नव्हे. दोन्ही ब्रेक एकदम न दाबतां हळूहळू लावावे. चाकें अडकूं न देणारी ब्रेकची योजना 2019 पासून 125 सी.सी.वरील नव्या गाड्यांस सक्तीची झाली. त्या वेळीं लहान गाड्यांस दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची साधी योजनाही चालेल असें ठरलें. पण कोणतीही योजना चिखलावर चाकास पकड निर्माण करून देत नाहीं. मागें बसणाऱ्या माउलीनें चालत्या गाडीवर छत्री उघडूं नये. वाऱ्यानें ती उलटून दोघांचाही तोल जातो. पदर आंवरून बसावें, व शिरस्त्राण दोघांनींही घालावें. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 129 वें कलम मागच्यासही लागू आहे. फरशीवरून पाणी वाहत असेल तर थांबावें. 2025 च्या सप्टेंबरांत मराठवाड्यानें अतिवृष्टीचा जो कोप पाहिला, त्यानंतर हें निराळें सांगण्याची गरज नसावी.

कोणी म्हणेल, पेरणीच्या घाईंत चाकें पुसावयास वेळ कोणास आहे? यास उत्तर इतकेंच कीं, बांधावर थांबून फावड्यानें चाकांचा व रोटाव्हेटरचा चिखल खरवडण्यास थोडींच मिनिटें पुरतात. शिवाय चिखल येतो तो बहुतेक पाणंदीच्या तोंडाशीं. 2021 साली शासनानें मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढिली. अशा कामांत संपूर्ण पाणंद होण्याची वाट न पाहतां, डांबरी रस्त्यास मिळणारा शेवटचा तुकडा आधीं खडी-मुरूम घालून पक्का करावा, असा आग्रह ग्रामसभेंत धरतां येईल. त्या खडीवरच चाकाची बरीचशी माती झडून जाते. तोंवर रस्त्यावर पडलेली माती ज्याची त्यानें त्याच दिवशीं काढावी. इतर वेळीं वाट अडविणाऱ्याशीं भांडणारे आपण, वाट बिघडविणाऱ्यास कांहींच बोलत नाहीं, हें योग्य नव्हे.

मोटारसायकलीवरून पडणारा बहुधा परका नसतो. तो आपल्याच शिवारांतला, पहांटे दूध घालावयास निघालेला कुटुंबाचा कर्ता असतो. त्याच्या मागें राहणाऱ्या घरास सरकारी मदत मिळाली तरी कर्ता मिळत नाहीं. शेताची माती शेतांतच ठेवणें हें जसें जमिनीच्या हिताचें, तसेंच तें माणसाच्याही हिताचें आहे. म्हणून येत्या पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक गांवानें एवढा एक नियम स्वतःस घालून घ्यावा, अशी सर्व बंधूंस विनंती आहे.