प्रमाणपत्राआधी व्यवहाराची समज

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकड्यांनी शिक्षक, बँक कर्मचारी, शासकीय सेवक अशा वाटा धरल्या. आज वाणिज्य किंवा अभियांत्रिकी शाखेचा पदवीधर घरी येऊन सांगतो, की त्याला ‘बिझनेस ॲनालिस्ट’ व्हायचे आहे आणि त्यासाठी ‘एसएपी’चा क्लास लावायचा आहे. आईवडिलांना या शब्दांचा अर्थ लागत नाही. फीचा आकडा मात्र लगेच कळतो. पुष्कळदा बचत गटाचे कर्ज काढून किंवा दागिने गहाण ठेवून ती भरली जाते. म्हणूनच या विषयाची चर्चा स्मरणिकेत व्हावी, असे मला वाटते.

एसएपी ही जर्मनीतील कंपनी. आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९७२ साली ती स्थापन केली. खरेदी, साठा, उत्पादन, विक्री आणि हिशेब यांच्या नोंदी परस्परांशी जोडून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘ईआरपी’ म्हणतात. मोठ्या उद्योगांत एसएपीचे ईआरपी फार प्रचलित आहे. त्याचे काम एका उदाहरणाने समजेल. एखाद्या कारखान्याने ५०० बेअरिंगांची ऑर्डर दिली, स्टोअरमध्ये ४८० जमा झाली आणि पुरवठादाराचे बिल मात्र ५०० चे आले. ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल या तिन्हींचा मेळ बसत नाही, हे सॉफ्टवेअर ओळखते आणि बिलाचे पैसे रोखते. या नोंदी कोणत्या पडद्यावर करायच्या, हे काही आठवड्यांत शिकता येते. परंतु २० नग का कमी आले, ते तपासणीत नाकारले गेले की अजून यायचे आहेत, निर्णयाचा अधिकार कोणाचा, नियमच बदलायला हवा का, हे स्टोअरकीपर, खरेदी अधिकारी आणि लेखापाल यांच्याशी बोलून शोधणे आणि प्रोग्रामरला कळेल अशा नेमक्या भाषेत लिहून देणे, हे ॲनालिस्टचे खरे काम आहे.

माझे स्पष्ट मत असे, की व्यवहाराची ही समज नसताना घेतलेले प्रमाणपत्र नोकरीच्या दारापर्यंत नेते आणि मुलाखतीत उघडे पाडते. खाजगी क्लासचा कागद आणि कंपनीच्या अधिकृत परीक्षेचे प्रमाणपत्र या दोन भिन्न गोष्टी आहेत. पैसे भरण्यापूर्वी पालकांनी हा फरक विचारून घ्यावा. कोणती आवृत्ती शिकवणार, हेही विचारावे. एसएपीने आपल्या जुन्या ‘ईसीसी’ प्रणालीची नियमित देखभाल २०२७ अखेरपर्यंतच जाहीर केली असून उद्योग ‘एस-फोर हाना’कडे वळत आहेत. आणि कोणी बनावट अनुभवपत्राचा मार्ग सुचवला, तर तेथून तत्काळ उठावे. कंपन्या जुन्या मालकाकडे चौकशी करतात, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी पाहतात. खोटे उघड झाले, की नोकरीही जाते आणि विश्वासही.

मग अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही, ही कोंडी फुटावी कशी? त्यासाठी साधने आहेत. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने तयार केलेले ‘ईआरपीनेक्स्ट’ हे मुक्त सॉफ्टवेअर असून ते वापरण्यास परवाना शुल्क लागत नाही. एसएपीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही बरेच पाठ विनामूल्य आहेत. ॲनालिस्टांच्या ‘आयआयबीए’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ‘ईसीबीए’ या प्रवेशस्तरीय परीक्षेला फी असली तरी कामाच्या अनुभवाची अट नाही. एक्सेल आणि एसक्यूएल यांचा पाया मात्र पक्का हवा. ओळखीच्या एखाद्या किराणा दुकानाचा व्यवहार समजून घ्यावा, आजची पद्धत आणि सुधारलेली पद्धत कागदावर मांडावी, ती ईआरपीनेक्स्टमध्ये चालवून दाखवावी. मुलाखतीत सांगण्यासारखे असे काही तरी स्वतःचे हवे.

दुसरे असे, की चाकण किंवा वाळूजच्या कारखान्यात स्टोअर अथवा खरेदी विभागातील सहायकाची नोकरी मिळाली, तर ती कमीपणाची मानू नये. ईआरपीवर रोज काम करणारा आणि अडलेल्या नोंदीचे कारण शोधणारा कर्मचारीच पुढे नव्या प्रणालीच्या उभारणीत बोलावला जातो. ॲनालिस्टच्या पदाकडे जाणारी ही वाट लांबची असली, तरी ती घरावर कर्ज ठेवत नाही.

कोणी म्हणेल, की या क्षेत्रात ओळखीनेच दारे उघडतात. त्यात तथ्य आहे. ज्याच्या घरात कोणी कंपनीत आहे, त्याला या साऱ्या गोष्टी जेवताना कानावर पडतात. आपल्या मुलांना त्या क्लासच्या जाहिरातीतून कळतात. ही उणीव माजी विद्यार्थ्यांनी भरून काढायची आहे. ईआरपीवर काम करणाऱ्यांनी महिन्यातील एक रविवार सराव मुलाखतींसाठी आणि फी भरण्यापूर्वीच्या सल्ल्यासाठी द्यावा.

आणि शाळेला एक विनंती. वसतिगृहाच्या कोठारात तांदूळ, डाळ, तेल येते, तोलले जाते, खर्ची पडते, बिले चुकती होतात. नववी-दहावीच्या मुलामुलींना आळीपाळीने या साठ्याच्या नोंदवहीवर बसवावे. मागवले किती, आले किती, बिल कितीचे आणि उरले किती, हे चार आकडे जुळवायची सवय त्यांना येथेच लागली, तर पुढे कोणतेही सॉफ्टवेअर त्यांना परके वाटणार नाही.