सवलतीची दुर्बीण

सेमाडोहला सिपना नदीच्या काठी पहाटे उभे राहिले की आधी कान जागे होतात आणि डोळे मागाहून. सागाच्या जंगलात उजाडते ते सावकाश. पक्ष्यांचा आवाज कितीतरी वेळ आधी येतो. पक्षी दिसायला मात्र थांबावे लागते. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या अशाच एका पहाटे आमच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाचे चोवीस विद्यार्थी तिथे उभे होते. पदव्युत्तर वर्गात निसर्गलेखनाचा अभ्यास चालू होता, मारुती चितमपल्ली वाचून झाले होते, आणि शब्दांतले रान एकदा प्रत्यक्ष पाहावे या हेतूने ही सहल काढलेली होती. दोघांत एक याप्रमाणे बारा दुर्बिणी सोबत होत्या. त्या मीच विकत घेतल्या होत्या आणि, खरे सांगायचे तर, त्या व्यवहाराचा मला थोडा अभिमानही होता.

ऊन झाडांच्या शेंड्यांवर आले तेव्हा एक विद्यार्थिनी जवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "सर, मले दोन-दोन पक्षी दिसून रायले. माह्या डोळ्यातच काही खराबी हाय काय?"

मी तिच्या हातातली दुर्बीण घेऊन पाहिले. मलाही दोनच दिसले. वाटाड्याने दाखवलेल्या फांदीवर एकाच पक्ष्याच्या एकमेकींवर सरकलेल्या दोन पुसट आकृत्या होत्या. दोष दुर्बिणीत होता हे उघडच होते. पण तो त्या मुलीने आधी स्वतःच्या डोळ्यांत शोधला, ही गोष्ट माझ्या मनातून अद्याप गेलेली नाही. भरघोस सवलतीत मिळणाऱ्या दुर्बिणी घ्याव्यात की नाहीत हा प्रश्न वरवर बाजारहाटाचा आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांसमोर तो मांडावासा वाटतो त्याचे कारण तिचा हा प्रश्न आहे.

प्रथम व्यवहार सांगतो. दुर्बिणीची छापील किंमत होती ४,९९९ रुपये. ती खोडून शेजारी ८९९ असा आकडा दिलेला होता. बारा नगांचे १०,७८८ रुपये झाले. विभागाकडे सहलीच्या साहित्यासाठी होती तेवढी रक्कम त्यात संपली, आणि साठ हजारांचा माल आपण अकरा हजारांच्या आत आणला असे समाधान मला लाभले. हे समाधान नेमके कशाचे होते याचा विचार पुढे कितीतरी दिवस करत होतो. मी दुर्बिणीची तुलना दुसऱ्या दुर्बिणीशी केलीच नव्हती. एका आकड्याची तुलना दुसऱ्या आकड्याशी केली होती, आणि ते दोन्ही आकडे विकणाऱ्यानेच लिहिलेले होते.

आपल्याकडे आवेष्टित वस्तूंवर जी किंमत छापतात तिला 'कमाल किरकोळ किंमत' म्हणतात. २०११च्या वैधमापन नियमांनुसार ती छापणे बंधनकारक आहे आणि तिच्याहून जास्त दराने वस्तू विकता येत नाही. या शब्दप्रयोगातील 'कमाल' या शब्दाकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. कमाल म्हणजे वरची मर्यादा. ती वस्तूच्या मोलाची ग्वाही नव्हे. ही मर्यादा उत्पादक किंवा आयातदारच ठरवतो. त्या किमतीला ती वस्तू कधी कुणी विकत घेतली होती का, हे त्या छापील आकड्यावरून कळत नाही. ग्राहकाचे रक्षण करण्यासाठी आलेला आकडा अशा रीतीने त्यालाच भुलवण्याच्या कामी येतो. खोडलेली किंमत ही खोडण्यासाठीच लिहिलेली असू शकते, एवढे भान ठेवले तरी निम्मी फसवणूक टळेल.

आता वस्तूकडे वळू. दुर्बिणीवर ८×४० असे दोन आकडे असतात. पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतो. दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास असतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापाशी पोचणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ८×४०मध्ये ती ५ मिलिमीटर भरते, १०×२५मध्ये अवघी अडीच. भर दुपारी आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे दुकानाच्या दारात दोन्ही दुर्बिणी सारख्याच वाटतात. फरक पडतो तो पहाटे, संध्याकाळी, दाट झाडीत. म्हणजे ज्या वेळी आणि ज्या जागी प्राणी-पक्षी पाहायचे असतात नेमका तिथे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजणाऱ्याला किती पट मोठे दिसते याला जवळजवळ अर्थच नसतो. किती उजेड डोळ्यापर्यंत येतो याला असतो.

आमच्या दुर्बिणींच्या पेटीवर ३०×६० असे ठळक छापलेले होते. सहलीहून परतल्यावर पट्टी लावून पाहिले तर पुढच्या भिंगाचा व्यास जेमतेम २५ मिलिमीटर भरला. शिवाय तीस पटींनी मोठे करणारी दुर्बीण हातात स्थिर धरताच येत नाही. हाताचा कंपही तितक्याच पटींनी वाढतो. म्हणूनच जाणते पक्षिनिरीक्षक सात, आठ किंवा दहा पटींवर थांबतात. भिंगांना आकर्षक तांबडी झाक होती. ती झाक म्हणजे आत जायला हवा होता असा तांबडा प्रकाश बाहेर परतवला जातो आहे याची खूण. परिणामी पक्ष्याचा रंग निळसर-हिरवट दिसतो. आणि सर्वांत मोठा दोष असा, की दोन नळ्यांचे अक्ष समांतर नव्हते. डोळे आत-बाहेर थोडेफार सांभाळून घेतात, परंतु एक प्रतिमा वर आणि दुसरी खाली असली की त्यांचा निरुपाय होतो. थोडा फरक असेल तर मेंदू ओढाताण करून दोन्ही प्रतिमा जुळवतो आणि त्याची किंमत डोकेदुखीने चुकवतो. जास्त असेल तर दोन पक्षी दिसतात. त्या दिवशी बारापैकी सात दुर्बिणी अशा निघाल्या. दहा वाजेपर्यंत बहुतेक मुलांनी त्या गळ्यात नुसत्या अडकवून ठेवल्या होत्या.

मेळघाटात या स्पष्टतेला किती महत्त्व आहे याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रानपिंगळा या लहानशा घुबडाचे शास्त्रीय वर्णन ह्यूमने १८७३ साली केले. १८८४नंतर त्याचा खात्रीलायक पुरावा मिळेना, आणि पक्षी नामशेष झाला असे मानले जाऊ लागले. मधल्या काळात १९१४ सालचा म्हणून एक नमुना होता. तो माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने दिलेला. त्याच्या लेबलावर विसंबून झालेले शोध व्यर्थ गेले. पुढे पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले की तो नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा पेंढा भरून, खोटे लेबल लावून तयार केलेला होता. रासमुसेन जुन्या, खऱ्या नमुन्यांच्या नोंदींकडे वळल्या आणि नोव्हेंबर १९९७मध्ये खानदेशात शहाद्याजवळ त्यांना व त्यांच्या साथीदारांना रानपिंगळा जिवंत दिसला. नंतर तो मेळघाटातही आढळला, आणि आज हे जंगल त्याच्या महत्त्वाच्या आश्रयस्थानांपैकी एक आहे.

हा पक्षी ओळखायचा कसा? आपल्या गावाकुसाबाहेर दिसणाऱ्या नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. भेद आहे तो एवढा, ठिपक्यांएवढा. आमच्या दुर्बिणीतून पिंगळ्याचा रानपिंगळा सहज झाला असता. एका खोट्या लेबलाने पक्षिशास्त्रज्ञांना भलतीकडे शोधायला लावले. पेटीवरच्या खोट्या आकड्यांनी मला. विद्यार्थ्यांना संहिता बारकाईने वाचायला शिकवणाऱ्या माणसाने एक पुठ्ठ्याची पेटी वाचताना हा निष्काळजीपणा करावा, याचे हसू येते आणि लाजही वाटते.

यावर एका सहकाऱ्यांनी घेतलेला आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. ते म्हणाले, "दगडापेक्षा वीट मऊ. आपल्या मुलांना दहा हजारांची दुर्बीण परवडणार आहे का? काहीच नसण्यापेक्षा हे बरे." हा युक्तिवाद खोटा नाही. चांगल्या वस्तूंचा आग्रह हा पुष्कळदा पैसेवाल्यांचा आग्रह असतो, आणि त्या आग्रहाने गरिबाला दारातूनच परत पाठवले जाते, हे आपल्या सांस्कृतिक व्यवहारात नेहमी घडते. तरीही या ठिकाणी मला तो पटत नाही. दुर्बीण नसेल तर माणूस डोळ्यांनी पाहतो. त्याला लांबचा पक्षी दिसत नाही, पण का दिसत नाही हे त्याला ठाऊक असते. वाईट दुर्बीण दिली की ते कारणच झाकले जाते. तिचा दोष ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर ढकलते. हातात साधन आहे, शेजाऱ्याला म्हणे दिसते आहे, मला दिसत नाही, म्हणजे उणीव माझ्यात. ज्या मुलांना आयुष्यात पुन्हा पुन्हा 'हे तुमच्यासाठी नाही' असे सुचवले गेले आहे, ती मुले हा निष्कर्ष फार लवकर काढतात. तेव्हा ही वीट मऊ नाही.

साहित्याच्या वर्गात हे आपण रोज पाहतो. परीक्षेच्या तोंडावर अर्ध्या किमतीत मिळणारी मार्गदर्शके कवितेचा 'आशय' आणि 'सौंदर्य' यांचे ठोकळे हातात देतात. विद्यार्थी त्यांतून कवितेकडे पाहतो, त्याला काही दिसत नाही, आणि 'मला कविता कळत नाही' असे तो कायमचे ठरवून टाकतो. साधन बदलून पाहावे असे त्याच्या मनातही येत नाही. आपल्या समीक्षेतही तीस पटींच्या दुर्बिणी कमी नाहीत. परकीय संज्ञांनी कृती खूप मोठी करून दाखवायची आणि तिच्यावर उजेड मात्र पाडायचा नाही, असे लेखन आपण सर्वांनी वाचले आहे. काहींनी लिहिलेही आहे.

मग स्वस्त ते वाईटच का? मुळीच नाही, आणि याचा उत्तम पुरावा मराठीतच आहे. महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ साली प्रसिद्ध केले. ते शासनाने अल्प किमतीत उपलब्ध केले म्हणून माझ्यासारख्या कितीतरी जणांच्या घरी पोचले. ते स्वस्त होते, पण त्यातली पाने गाळलेली नव्हती. फरक इथे आहे. एका स्वस्ताईत वस्तू बनवण्याचे श्रम पूर्ण होतात आणि खर्चाचा भार दुसरे कुणी उचलते. दुसऱ्या स्वस्ताईत तो भार कुणीच उचलत नाही. श्रमच गाळले जातात, भिंग घासण्याचे, अक्ष जुळवण्याचे, तपासून पाहण्याचे. मग ती उरलेली किंमत पाहणाऱ्याचे डोळे भरतात. म्हणून सवलत किती टक्के, यापेक्षा ही वस्तू स्वस्त करण्यासाठी कुणी काय सोडले, असे विचारावे. जुने मॉडेल बंद होताना, शिलकी माल काढताना चांगल्या दुर्बिणीही खरोखर कमी किमतीत मिळतात. त्या अवश्य घ्याव्यात; मात्र सवलत पाहण्याआधी दुर्बिणीतून पाहावे.

ते कसे, एवढे सांगून थांबतो. दूरच्या विजेच्या तारेवर किंवा छपराच्या आडव्या कडेवर दुर्बीण रोखावी आणि डोळ्यांपासून हळूहळू थोडी दूर न्यावी. दोन नळ्यांतली रेघ वरखाली सरकलेली दिसली तर ती परत करावी. दुर्बीण हातभर लांब, आकाशाकडे धरली की मागच्या भिंगांत प्रकाशाची दोन वर्तुळे दिसतात. ती पूर्ण गोल आणि कडेपर्यंत उजळ असावीत. पट्टीने भिंग मोजावे. परत करण्याची मुदत असेल तर तिच्या आत एक संध्याकाळ बाहेर काढावी, कारण दुपार सर्वच दुर्बिणींना क्षमा करते.

आणि दहा-अकरा हजार रुपयेच हाताशी असतील तर बारा जणांत एक दुर्बीण घ्यावी. पुढच्या वर्षी आम्ही तसे केले. साधी, ८×४०ची, जवळपास पूर्ण किमतीला घेतलेली. मुलांना पाळीपाळीने पाहावे लागले, आणि एकाने पाहावे व इतरांनी विचारावे असा एक नवाच वर्ग नदीकाठी भरला. आदल्या वर्षीची ती विद्यार्थिनी पुन्हा आली होती. तिची पाळी आली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मागच्यांनी घाई केली तशी डोळे न काढताच म्हणाली, "थांबा ना, एकच हाय."