रोप नवे, हिशेब जुना

धाराशिव जिल्ह्यातील शेतकरी ऊतिसंवर्धित केळीची रोपे घेण्यास अजून कांकू करतो, हा विषय निघाला की शहरातील सुशिक्षित मंडळींच्या बोलण्यात एक प्रकारचा दयेचा सूर उमटतो. विज्ञानाने दारात आणून ठेवलेले रोप सोडून हा माणूस शेजाऱ्याच्या बागेतला मुनवा मागत फिरतो, म्हणजे त्याच्या अज्ञानाला सीमा नाही, असे एकदा म्हटले की विषय संपतो. आम्हांस तो इतक्या सहज संपविता येत नाही. आम्ही काही वर्षे शाळेत मास्तरकी केली आहे. ज्या मुलाला उत्तर येत नाही तोही गप्प बसतो आणि ज्याला प्रश्नातच खोट दिसते तोही गप्प बसतो. मास्तरांना मात्र दोघे सारखेच ढ वाटतात.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, रोप खरोखरच चांगले आहे. निवडलेल्या मातृवृक्षाच्या कोंबातील अगदी लहानसा भाग काचेच्या बाटलीत वाढवून त्यापासून एकसारखी शेकडो रोपे तयार करावयाची, हरितगृहात त्यांना ऊनवाऱ्याची सवय लावावयाची आणि मग ती शेतावर पाठवावयाची, अशी ही रीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने वनस्पतींच्या ऊतिसंवर्धनावर अनेक वर्षे काम केले, आणि १९९० नंतरच्या दशकात जळगावच्या जैन उद्योगसमूहाने 'ग्रँड नैन' या वाणाची रोपे खानदेशच्या केळीबागांत पोहोचविली. मुनव्याच्या बागेला जिथे दीड वर्ष लागे, तिथे अकरा-बारा महिन्यांत घड उतरू लागले. शिवाय मुनव्याबरोबर सोंडकीड, सूत्रकृमी आणि पर्णगुच्छासारखा असाध्य रोग एका शेतातून दुसऱ्या शेतात बिनभाड्याने प्रवास करतात. चांगल्या प्रयोगशाळेतून आलेले रोप या सोबत्यांना मागे ठेवून येते.

मग धाराशिवचा शेतकरी नव्याचा वैरी आहे काय? त्याचा इतिहास तसे सांगत नाही. १९६४ साली संकरित ज्वारी आली, तेव्हा मराठवाड्याने ती खरिपात पेरली. रब्बीत मात्र मोहोळची मालदांडी सोडली नाही, कारण भाकरी तिची गोड आणि कडबा जनावरे आवडीने खातात. पुढे सोयाबीन आले, तर एका पिढीच्या आत जिल्ह्याचे खरीप त्याने व्यापले. पदरात काय पडेल आणि बुडाले तर कोणाचे बुडेल, हे दोन प्रश्न विचारून या माणसाने प्रत्येक नवी वस्तू घेतली आहे किंवा नाकारली आहे. केळीच्या रोपालाही तो तेच दोन प्रश्न विचारीत आहे.

एकरी बाराशे ते पंधराशे रोपे लागतात. रोपास पंधरा रुपये धरले, तरी पाण्याचा पहिला थेंब सुटण्यापूर्वी अठरा ते साडेबावीस हजार रुपये जमिनीत जातात. त्यावर ठिबक, खते आणि मजुरी. केळीला वर्षाकाठी अठराशे ते दोन हजार मिलिमीटर पाणी हवे. जिल्ह्यात पाऊस पडतो तो सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरीने. ठिबकने पाणी वाचते हे खरे, पण विहीरच कोरडी पडली तर नळीतून काय टपकणार? २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. उलट २०२५ च्या सप्टेंबरात परांडा-भूम भागात पुराने उभी पिके आणि मातीही वाहून नेली. पलीकडे करमाळा तालुक्यातील कंदरची केळी आखाती देशांत जाते, हे परांड्याच्या शेतकऱ्याला कोणी सांगावयास नको. पण कंदरच्या पाठीशी उजनीचा फुगवटा आहे, हेही तो जाणतो.

एक गोष्ट सल्लागार मंडळी क्वचितच बोलतात. ऊतिसंवर्धित बाग एकदम निसवते आणि एकदम काढणीस येते. व्यापाऱ्याला हे सोयीचे, कारण एका फेरीत गाडी भरते. मुनव्याची बाग मागेपुढे निसवते, घड कित्येक आठवडे उतरत राहतात. भाव एका आठवड्यात कोसळला तरी सगळा माल त्याच आठवड्यात सापडत नाही. एकसारखेपणा हा बाजाराचा गुण आहे. ज्याच्याजवळ एकच एकर आहे, त्याला तो धोकाही वाटू शकतो.

परंतु सर्वांत मोठी अडचण विश्वासाची आहे. मुनवा घेताना शेतकरी स्वतः बागेत जातो, मातृझाडाचा घड पाहतो, तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचा मुनवा निवडतो, कंद हातात घेऊन पारखतो. पिशवीतल्या वीतभर रोपाकडे पाहून त्याला काय कळणार? विषाणू डोळ्यांना दिसत नाही, आणि प्रयोगशाळेत वाजवीपेक्षा अधिक वेळा वाढ घेतली तर रोपांत विकृती येतात, त्या लावणीनंतर कित्येक महिन्यांनी उघड होतात. २०२० आणि त्यानंतरच्या पावसाळ्यांत रावेर-यावल भागात काकडी मोझॅक विषाणूने कोवळ्या बागा ग्रासल्या. केळीत मुरलेल्या शेतकऱ्यांना लावलेली रोपे उपटून टाकावी लागली. हा रोग मावा पसरवितो, पण मातृवृक्षाची तपासणी झाली नसेल तर रोपातूनही येऊ शकतो. दोष कोणाचा, हे शेतात उभे राहून ठरविता येत नाही. हवामानावर आधारलेला फळपीक विमा तापमान, वारा आणि गारपीट मोजतो. विषाणू मोजीत नाही. तेव्हा जळगावात जे घडले त्याची वार्ता धाराशिवच्या माणसाने कानाआड का करावी?

ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणनाची व्यवस्था केंद्र सरकारने २००६ साली, १९६६ च्या बियाणे कायद्याच्या आधारे उभी केली आहे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रोपांचा साठा विषाणूंसाठी आणि वाणाच्या शुद्धतेसाठी तपासावयाचा व त्याचे प्रमाणपत्र द्यावयाचे, असा तिचा क्रम आहे. व्यवस्था उत्तम आहे. ती परांड्याच्या किंवा कळंबच्या शेतकऱ्याच्या हातातील पावतीपर्यंत पोहोचली पाहिजे. आमची मागणी एवढीच आहे की, जिल्ह्यात एकही रोप साठ्याच्या प्रमाणपत्राच्या क्रमांकाशिवाय विकले जाऊ नये, तो क्रमांक मराठीत आणि ठळक अक्षरांत छापावा, आणि रोप सदोष निघाल्यास पंचनामा किती दिवसांत व भरपाई कोणी द्यावयाची हे त्याच कागदावर लिहिलेले असावे. कृषिखात्याच्या पुस्तिकांपेक्षा हा एक कागद अधिक काम करील.

मृगबागेची लावणी जूनमध्ये सुरू होते. तिच्या रोपांची मागणी त्याआधी कित्येक आठवडे, आगाऊ पैसे भरून नोंदवावी लागते. तो कागद मिळावयाचा असेल तर पैसे भरण्याच्या दिवशी मिळाला पाहिजे.