पेण, उरण, तळा : तिघांचं एकच नाव '???'

रायगड जिल्ह्यातले तीन तालुके घ्या. पेण, उरण आणि तळा. विंडोजवर सी भाषेत जुन्या पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्रामला कमांड लाइनवरून ही नावं दिली, तर आत पोहोचेपर्यंत तिघांचं एकच नाव झालेलं असतं : तीन प्रश्नचिन्हं. रोहा, महाड आणि पाली यांची होतात चार-चार प्रश्नचिन्हं. कोण कुठलं, हे प्रोग्रामला कळायला काही मार्गच उरत नाही.

यावर जाणकार मंडळींचा सल्ला ठरलेला असतो. "नावं इंग्रजीत ठेवा आणि मध्ये स्पेस देऊ नका." कॉलेजच्या लॅबमध्ये हाच, नोकरीच्या पहिल्या दिवशीही हाच. आपणही तो मुकाट्याने पाळतो आणि पुढे ज्युनियरला ऐकवतो. माझं भांडण या सल्ल्याशी आहे. ऐकू न येणारा प्रोग्राम आहे आणि बोलणं सुधारायला सांगितलं जातंय आपल्याला.

आधी मामला समजून घेऊ. फोनवर आपण बटण दाबतो. कमांड लाइनवर बटण नसतं. तिथे प्रोग्रामचं नाव लिहायचं आणि पुढे स्पेस देऊन त्याने कशावर काम करायचं ते लिहायचं. हे पुढे लिहिलेले शब्द म्हणजे पॅरामीटर. सी शिकलेल्यांना 'आर्गसी' आणि 'आर्गव्ही' ही जोडी आठवेल. पहिल्यात शब्दांची संख्या येते, दुसऱ्यात ते शब्द. परीक्षेत पाच मार्कांना विचारतात. पण त्यात आलेला शब्द मराठी असेल तर काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

मग प्रश्नचिन्हं येतात कुठून? विंडोज आतून युनिकोडच वापरतं, आणि देवनागरी युनिकोडच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण जुन्या पद्धतीच्या प्रोग्रामला शब्द देण्याआधी विंडोज ते जुन्या 'कोड पेज'मध्ये बदलतं. इंग्रजी, फ्रेंच, रशियन, अरबी यांच्यासाठी अशी कोड पेजेस होती. विंडोज २०००मध्ये हिंदी-मराठीची सोय झाली ती फक्त युनिकोडमधून, त्यांना असं कोड पेज मिळालंच नाही. मग जे चिन्ह तक्त्यात नाही, त्याच्या जागी प्रश्नचिन्ह. 'पेण' म्हणजे प, मात्रा आणि ण. तीन चिन्हं, तीन प्रश्नचिन्हं. त्यात विंडोजवर फाइल शोधताना प्रश्नचिन्हाचा अर्थ 'इथे कुठलंही एक अक्षर चालेल' असा होतो. म्हणजे नाव नुसतं पुसलं जात नाही, त्याचा भलताच अर्थ लागू शकतो.

यावर उपाय नाही असं मुळीच नाही. युनिकोड शब्द थेट घेणारी दुसरी पद्धत विंडोजमध्ये पूर्वीपासून आहे. २०१९च्या विंडोज १० आवृत्तीपासून तर प्रोग्रामला 'यूटीएफ-८ वापर' एवढं जाहीर करता येतं. लिनक्सवर बाइट जसे दिले तसे आत जातात. तुमच्या अँड्रॉइड फोनवर टर्मक्स टाकून पाहा, 'पेण' नावाचा फोल्डर बिनतक्रार तयार होईल. अडतं ते लिहिणाऱ्याच्या आळसापाशी.

आता स्पेसकडे वळू. रोह्याच्या नगरपरिषदेचं नाव आहे 'रोहा अष्टमी'. हे तसंच लिहिलं तर प्रोग्रामला दोन पॅरामीटर मिळतात, रोहा वेगळं आणि अष्टमी वेगळी. अवतरणचिन्हात लिहिलं तर एकच मिळतो. इतपत वापरणाऱ्याने शिकावं, मान्य. पण त्याने अवतरणचिन्ह देऊनही पुढची स्क्रिप्ट तो शब्द बिनअवतरणाचा वापरते आणि पुन्हा तोडते. ही चूक किती महाग पडते? नोव्हेंबर २००१मध्ये ॲपलच्या आयट्यून्स २च्या इन्स्टॉलरमध्ये नेमकी अवतरणचिन्हं राहिली होती. ज्यांच्या डिस्कच्या नावात स्पेस होती, त्यांच्यातल्या काहींचा डेटा पुसला गेला आणि ॲपलला तो इन्स्टॉलर मागे घ्यावा लागला. तेव्हा 'नावात स्पेस कशाला दिली' असं विचारणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

आकड्यांची तर वेगळीच गंमत. प्रती किती, या जागी '१०' असं देवनागरीत लिहा. सी मधलं 'एटूआय' हे नेहमीचं फंक्शन त्याचा शून्य करतं आणि चूक झाली असं सांगतही नाही. पायथन ३ मात्र तेच '१०' नीट दहा म्हणून वाचतं. म्हणजे जमतं. फक्त कुणीतरी मनावर घ्यावं लागतं.

"पण इंग्रजीत लिहिलं तर बिघडलं कुठे?" बिघडतं. 'पेण' रोमनमध्ये लिहिलं की ते लिहायचं पेन होतं. रोहा कुणी रोहा लिहितो, कुणी रोहे. 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' यांतला फरक रोमनमध्ये मिटतो. पेणच्या एखाद्या मूर्तिकाराने साच्यांचे फोटो 'बाल गणेश', 'सिंहासन' अशा फोल्डरांत ठेवले असतील, तर ती त्याच्या धंद्याची भाषा आहे. फोटो लहान करणाऱ्या प्रोग्रामसाठी त्याने चारशे फोल्डरांची नावं बदलायची? रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते, पण म्हणून डब्यातल्या प्रवाशाला कुणी नाव बदलायला लावत नाही. शेलकडून प्रोग्रामकडे जाणाऱ्या शब्दाचाही एवढाच हक्क आहे.

सगळ्या कमांडचं मराठीकरण करा, असं मी म्हणत नाही. कमांडचं नाव इंग्रजीत राहू द्या, ते प्रोग्रामचं आहे. पॅरामीटर वापरणाऱ्याचा आहे. त्याला हात लावायचा अधिकार प्रोग्रामला नाही.

तुमच्यातले बरेच जण प्रोग्राम लिहिता किंवा लिहायला लागाल. मग तो चालला असं म्हणण्याआधी त्याला तीन गोष्टी द्या : 'पेण', अवतरणचिन्हात 'रोहा अष्टमी' आणि '१०'. तिन्ही जशाच्या तशा आत पोहोचल्या तर उत्तम. एखादी कळली नाही, तर प्रोग्रामने तसं स्पष्ट सांगून थांबावं. अंदाजाने शून्य धरू नये, प्रश्नचिन्हं घेऊन पुढे जाऊ नये. आणि यापुढे कुणी 'इंग्रजीत लिहा' म्हणालं, तर त्याला तुमच्या प्रोग्रामवर उरणचं आणि तळ्याचं नाव टाइप करायला सांगा.