वॉटर्लूच्या नाटकातील गाळलेला प्रवेश

ब्रसेल्सपासून वॉटर्लूचे रणांगण इतके जवळ आहे की सकाळी निघालेला सहलकरी युद्ध पाहून रात्री जेवायला घरी परततो. जून २०१५ मध्ये लढाईला दोनशे वर्षे झाली, तेव्हा अशा सहलकऱ्यांची तेथे रीघ लागली. सुमारे पाच हजार हौशी शिपाई, तीनशे घोडे आणि शंभरेक तोफा. ओळीने दोन संध्याकाळी प्रत्येक वेळी जवळजवळ ६०,००० प्रेक्षक. नेपोलियन झाला होता पॅरिसचा एक वकील. तोफांचा धूर विरला, मेलेले उठले, त्यांनी कपडे झटकले आणि सारे पांगले.

या हौशी शिपायांची टवाळी करण्याचे कारण नाही. पदरमोड करून गणवेश शिवणारी, उन्हातान्हात कवायत करणारी ही माणसे इतिहासावर मनापासून प्रेम करतात. परंतु आपण इतिहास जिवंत ठेवतो, हा त्यांचा दावा तपासला पाहिजे. शिपाई पडताक्षणी जो इतिहास थांबतो, तो कोणाच्या सोयीचा?

१८ जून १८१५ या एका दिवसात त्या शेतांमध्ये चाळीस हजारांहून अधिक माणसे ठार अथवा जखमी झाली. रात्रीच प्रेतांचे कपडे आणि बूट गेले. दातही उपटून नेण्यात आले. असे दात श्रीमंतांच्या कवळ्यांत बसत आणि इंग्लंडमध्ये त्यांना 'वॉटर्लूचे दात' असे नावच पडले. दुसऱ्या दिवशी ब्रसेल्सहून बघ्यांच्या गाड्या आल्या. (सहलीची परंपरा अशी जुनी आहे.) राहिली हाडे. एवढ्या मोठ्या संहाराच्या जागी सांगाडे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सापडतात, हे कोडे होते. बेल्जियम, जर्मनी व ब्रिटन येथील संशोधकांनी २०२२ मध्ये त्याचे उत्तर मांडले: बीटाची साखर शुद्ध करण्यासाठी हाडांचा कोळसा लागे, हाडांना भाव आला, आणि सामुदायिक कबरी उकरल्या गेल्या. ज्याने सम्राटांसाठी प्राण दिले, त्याच्या अस्थी साखरेच्या कारखान्यात गेल्या! २०१२ मध्ये बांधकामाच्या खोदाईत एक सांगाडा सापडला. तो काचेखाली मांडला गेला, म्हणजे त्यालाही तिकिटाच्या खेळात काम मिळाले.

जे जगले त्यांच्या वाट्याला काय आले? विजयाच्या बक्षिसाची वाटणी कागदोपत्री नमूद आहे. साध्या शिपायाला २ पौंड ११ शिलिंग ४ पेन्स; सेनापती वेलिंग्टन यांना सुमारे ६१,००० पौंड. १८०३ च्या असईच्या लढाईमुळे मराठी माणसाला ठाऊक असलेले जनरल वेलस्ली ते हेच. त्यांनी यातील ४०,००० पौंड सरकारला परत केले असे सांगतात, आणि ते त्यांच्या पदरात घातलेच पाहिजे. तरीही उरलेल्या रकमेत आठ हजार शिपायांचे वाटे बसले असते. त्याच वर्षी, लढाईच्या आधीच, जमीनदारांच्या पार्लमेंटने धान्याचा कायदा करून परदेशी धान्य अडवले होते. शिपाई परतला तो महाग भाकरीच्या देशात.

पुढचा प्रवेश मँचेस्टरचा. १६ ऑगस्ट १८१९ रोजी सेंट पीटर्स फील्डवर मताधिकार मागण्यासाठी सुमारे ६०,००० माणसे जमली. त्या अफाट गिरणगावाला स्वतःचा एकही खासदार नव्हता. निःशस्त्र जमावावर प्रथम व्यापारी आणि गिरणीमालक वर्गातील स्वयंसेवक घोडेस्वार घुसले, मागोमाग पंधरावी हुसार पलटण. ही पलटण वॉटर्लूला लढलेली होती. किमान पंधरा माणसे मेली, शेकडो जखमी झाली, आणि लोकांनी त्या जागेला उपहासाने 'पीटर्लू' म्हटले.

२०१५ च्या जून महिन्यात वॉटर्लूच्या गवतावर बसलेल्या ६०,००० प्रेक्षकांना हा प्रवेश दाखवला असता तर टाळ्या कुठे पडल्या असत्या? तलवार तीच, घोडा तोच. समोर मात्र गणवेशातला शत्रू नव्हता. बायकामुले होती, विणकर होते, आणि ओल्डहॅमचा २२ वर्षांचा जॉन लीस होता. तो वॉटर्लूच्या लढाईत होता. नेपोलियनच्या तोफांतून जो वाचला, त्याच्यावर स्वदेशी घोडेस्वारांनी वार केले. ७ सप्टेंबर रोजी तो मेला. त्याच्या मृत्यूची चौकशी कित्येक दिवस चालली, आणि कोणताही निर्णय न देता ती बंद करण्यात आली.